उदयनगरची सिस्टर आणि सावकाराची वही

मृग आठ दिवसांवर आला की गावातला लहान शेतकरी दोन दारांकडे बघतो. एक दार बँकेचे. ते दहा वाजता उघडते, सातबारा मागते, आठ-अ मागते आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ असे सांगते. दुसरे दार सावकाराचे. ते रात्री अकरालाही उघडे असते. तिथे कागद लागत नाही, अंगठा पुरतो. शेतकऱ्याला व्याज कळत नाही म्हणून तो दुसऱ्या दारी जातो असे नव्हे. पाऊस त्याच्यासाठी थांबत नाही, म्हणून जातो.

या दुसऱ्या दाराकडे निघालेली माणसे पहिल्या दाराकडे वळवली, एवढ्या कारणावरून एका बाईला जीव गमवावा लागला. ही घटना आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली, २५ फेब्रुवारी १९९५ ची. त्या बाईंचे नाव सिस्टर राणी मारिया. आता तीस वर्षे उलटली, पण शेतकरी बंधूंनी आणि विशेषतः आम्हा गावपातळीवरच्या नोकरदारांनी वाचावी अशी ही हकीकत आहे.

कोण या सिस्टर?

सिस्टर म्हटले की आपल्याला दवाखान्यातली नर्सबाई आठवते. या सिस्टर म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती पंथातल्या संन्यासिनी. संसार करायचा नाही, स्वतःच्या नावावर काही ठेवायचे नाही आणि संघ पाठवील तिथे जायचे, अशी तीन व्रते त्या घेतात. राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ चा, केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावचा. त्यांचा संघ फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट. बापाची कापडाची पेढी सोडून गरिबांत राहायला गेलेल्या इटलीतल्या संत फ्रान्सिसची वाट हा संघ मानतो.

१९७५ मध्ये त्या उत्तर प्रदेशात बिजनोरला आल्या. पुढे १९८३ पासून मध्य प्रदेशातल्या सतना भागात राहिल्या आणि १९९२ मध्ये देवास जिल्ह्यात उदयनगरला पोचल्या. देवास हे नाव आपल्याला पवारांच्या संस्थानामुळे ठाऊक आहे. पण उदयनगर म्हणजे राजवाड्याचे देवास नव्हे. ते जिल्ह्याच्या दक्षिणेला, नर्मदेकडच्या डोंगरी पट्ट्यातले गाव. आजूबाजूला आदिवासींची वस्ती. जमीन थोडी, हलकी, पावसावर अवलंबून. बियाण्याला कर्ज, आजारपणाला कर्ज, लग्नाला कर्ज. कर्ज फिटेना म्हणून त्याच घरी मजुरी, आणि मजुरी व्याजातच वळती. आपल्याकडच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दयेचा दुसरा अर्थ

गरिबाला धान्य द्यावे, कपडा द्यावा, औषध द्यावे हा दयेचा ओळखीचा अर्थ. तो खोटा नाही. पण दिलेली पायली आठवड्यात संपते आणि माणूस पुन्हा त्याच वहीत नाव लिहायला जातो. राणी मारिया यांनी वहीच पाहिली. पायी पाड्यापाड्यांवर जाऊन त्या लोकांना सांगू लागल्या की सरकारी योजना तुमच्यासाठी आहेत, बँक तुम्हालाही कर्ज देऊ शकते, कामाचा दाम मागणे हा तुमचा हक्क आहे. अर्ज कसा करायचा, कुठे द्यायचा हे त्यांनी शिकवले. लोकांचे बचतीचे गट बांधले.

लक्षात घ्या, त्या ज्या वर्षी उदयनगरला आल्या त्याच १९९२ साली नाबार्डने देशात ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा पहिला प्रयोग हाती घेतला होता. आज गावोगाव दिसणारा बचत गट तेव्हा नवलाईचा होता. मुठीएवढ्या बचतीवर घरातल्या घरात कर्ज मिळते, हे कळलेला माणूस सावकाराच्या पायरीवर पूर्वीसारखा वाकत नाही. सिस्टरच्या कामाने कुणाचे काय बुडत होते, ते इथे समजते.

बसमधला खून

त्या दिवशी सकाळी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. पुढे केरळला घरी जायचे होते. वाटेत जंगलाच्या भागात एका तरुणाने सुरा काढला. अंगावर पन्नासहून अधिक जखमा झाल्या. बस प्रवाशांनी भरलेली होती, पण कुणी मध्ये पडले नाही. त्या ४१ वर्षांच्या होत्या. उदयनगरलाच त्यांना माती दिली.

तो तरुण त्याच भागातला, शेतकऱ्याचा मुलगा. ही बाई आदिवासींना बाटवते असे गावातल्या बड्या जमीनदारांनी आपल्या मनात भरवले, असे पुढे त्यानेच उघड सांगितले. ज्यांचे व्याज बुडत होते ते नामानिराळे राहिले आणि सुरा गरिबाघरच्या पोराच्या हाती आला. गावात भांडण लावायचे असेल तर धर्माचे नाव किती सोयीचे पडते, हे यावरून ध्यानात यावे.

राखी

त्याला जन्मठेप झाली. घरचे लोकही भेटायला येईनात. २००२ मध्ये राखीच्या सुमारास इंदूरच्या तुरुंगात त्याला भेटायला एक बाई आल्या. त्या राणी मारिया यांच्या सख्ख्या धाकट्या बहीण, त्याच संघातल्या सिस्टर सेल्मी. त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबाने आणि संघाने त्याच्या सुटकेसाठी लेखी विनंती केली. २००६ मध्ये तो सुटला. त्यानंतर तो केरळला जाऊन त्यांच्या आईच्या पाया पडला. त्या माउलीने त्याला जवळ घेतले. आपण कुणीही हे करू शकू का, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

सुटून आल्यावर तो शेती करू लागला आणि शेतात पिकलेले धान्य तिच्या समाधीवर नेऊन ठेवू लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे चर्चने राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित केले. संतपदाच्या अलीकडची ही पायरी आहे. त्या सोहळ्याला तोही हजर होता.

आपण काय घ्यायचे?

धर्म ज्याचा त्याचा. मला या हकिकतीत माझे स्वतःचे काम दिसते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अनुदानावर भाताचे बियाणे वाटायचे होते. लाभार्थ्यांची यादी मी रस्त्यावरच्या गावातच बसून पुरी केली. ओढ्यापलीकडचा पाडा राहिला. पुढच्या हंगामात तिथे गेलो तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ‘‘सायेब, तुमची पिशवी काय आमच्यापत्तुर आली न्हाई. आमी दिढीनं भात आनलं.’’

दिढी म्हणजे २० किलो न्यायचे आणि खळ्यावर ३० किलो घालायचे. पाच महिन्यांत निम्मे व्याज. बँकेच्या पीककर्जाचा वर्षाचा दरही याच्या जवळपास जात नाही. ते १० किलो माझ्या आळसाचे होते, असे मी आजही मानतो. सुरा कुणी मारला नाही, तरी माहिती न पोचवल्यानेही माणूस मरत जातो.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. सावकारीच्या व्यवहारात लिहून घेतलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, चौकशीनंतर परत मिळण्याची तरतूद कलम १८ मध्ये आहे. कागद हरवला म्हणून गप्प बसू नका. जेवढे हाती आहे तेवढे घेऊन अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक या माझ्या सोबत्यांसाठी. योजनेचे परिपत्रक फलकावर चिकटवले म्हणजे ते गावाला कळले असे होत नाही. पेरणीआधी एक संध्याकाळ काढा आणि आपल्या सजातल्या सर्वात लांबच्या वस्तीवर जाऊन ते मोठ्याने वाचून दाखवा. परत येताना चार अर्ज भरून आणा.

परक्या मुलखातून आलेली, तिथली भाषा नव्याने शिकलेली एक बाई हे काम पगाराशिवाय करत होती. आपल्याला तर त्याचा पगार मिळतो.