ओळ थोडी आत सरकवा!

लातूरला शाळेत बाई सांगायच्या, "परिच्छेद सुरू करताना दोन बोटं जागा सोड." वाटायचं, कागद वाया घालवायचा उद्योग! पण जुन्या मोडी कागदांत शब्दाशब्दांत जागा नसते, वाचणारा घामाघूम होतो. ती दोन बोटं म्हणजे वाचणाऱ्याला खूण, की इथून नवा मुद्दा.

नांदेडला इंजिनिअरिंगला आलो नि हीच गोष्ट सी भाषेत भेटली. प्रॅक्टिकलला मी 'इफ'खाली दोन ओळी आत सरकवून लिहिल्या, महिरपी कंस मात्र विसरलो. सीचा कंपायलर ओळ किती आत आहे ते बघतच नाही. त्याने पहिलीच ओळ 'इफ'ची धरली. दुसरी ओळ अट खोटी असतानाही चालली आणि नापासांनाही 'पास' छापून आलं! माझी मात्र दांडी गुल.

अशी फसगत मोठ्यांचीही होते. 2014 साली ॲपलच्या सुरक्षेच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ दोनदा पडलेली सापडली. दुसरी ओळ 'इफ'च्या आत दिसत होती, होती बाहेर. त्यामुळे सहीची तपासणीच टळत होती.

1991 साली आलेल्या पायथॉनमध्ये मात्र ही जागाच कंसाचं काम करते. चार स्पेसची प्रथा आहे. टॅब आणि स्पेसची खिचडी केली की एरर ठरलेला.

तेव्हा सीमध्ये कंसही घाला, ओळही सरकवा. सबमिशनच्या आदल्या रात्री तुमचा प्रोग्राम शेजारच्या रूमवाल्यालाच वाचायचा असतो!