गलबल्यातील क्षीण हाक

काचीगुडा स्थानकावर सायंकाळी गाडी लागली म्हणजे केवढा गलबला उसळतो! हमालांच्या आरोळ्या, फेरीवाल्यांची पुकार, इंजिनाचा भोंगा. तेलुगू, दख्खनी उर्दू आणि मराठवाड्याकडील मराठी. तरीही त्या गर्दीत हात सुटलेल्या लेकराची हाक आईला बरोबर ओळखू येते. ती सर्वांत मोठी असते म्हणून नव्हे, तर तिची ठेवण आईच्या ओळखीची असते म्हणून.

याच स्थानकावरून बेंगळुरूला गाड्या जातात. तेथील निम्हान्स या संस्थेत मेंदूची अशीच क्षीण हाक टिपणारे चुंबकीय यंत्र आहे. अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, सुमारे एक तृतीयांश रुग्णांना औषधांनी पुरेसा गुण येत नाही. त्यांपैकी काहींना शस्त्रक्रिया तारू शकते. परंतु झटक्याचा उगम मेंदूत नेमका कोठे, हे आधी कळावयास हवे. गलबल्यालाच हाक समजले, तर शस्त्रवैद्याची दिशा चुकावयाची.

मेंदूतील पेशींत विजेचे सूक्ष्म प्रवाह वाहतात व त्यांच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी दुर्बळ असते. आपल्याच हृदयाचे क्षेत्र त्याहून कितीतरी प्रबळ! शिवाय पापणीची उघडझाप, दाताच्या खळग्यात भरलेला धातू, जवळून जाणारे वाहन आणि सेकंदाला ५० आवर्तने घेणारी घरगुती वीज आहेच. अमेरिकेत डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली मेंदूचे हे क्षेत्र प्रथम टिपले. पुढे १९७२ साली अतिशीत संवेदकाने ते अधिक स्पष्ट केले. असे संवेदक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवतात. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने अशी यंत्रणा आपल्या देशातही घडविली आहे.

मग खरेखोटे निवडावे कसे? प्रथम, विशिष्ट धातूच्या जाड थरांनी वेढलेली खोली बाहेरचा गलबला अडविते. त्या रिकाम्या खोलीचेही आलेखन करतात. रुग्ण नसताना जे उमटले, ते मेंदूचे नव्हे, हे उघडच आहे. डोळ्यांजवळ व छातीवर तारा लावून पापणीची आणि हृदयाची वेळ नोंदवितात. त्या तालावर येणारी लाट मेंदूची नसते. एखादा नाद शंभर वेळा ऐकवून सरासरी काढली, तर स्वैर गलबला सुमारे दशांश उरतो आणि मेंदूचा प्रतिसाद टिकतो. झटक्याची खूण मात्र अवचित उमटते. ती जाणकाराने डोळ्यांत तेल घालून शोधावी लागते. अतिरेकी चाळणीने कोंड्याबरोबर दाणाही जातो, हे त्याला विसरून चालत नाही.

या कामी घरच्यांचाही वाटा असतो. तपासणीपूर्वी अंगावरील दागिने काढावेत व शरीरात कोठे धातू बसविला असल्यास तो सांगावा. झटका आला असता कांदा हुंगविण्यात वेळ न दवडता रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. प्रथम कोणता हात हलला, मान कोणीकडे वळली, हे ध्यानी ठेवून वैद्यांस सांगावे. घरच्या माणसाने पाहिलेली ती साधी गोष्टही गलबल्यातील खरी हाक ओळखावयास साह्य करते.