ग्रीनमार्केट (न्यू यॉर्क)

ग्रीनमार्केट हा अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात भरणाऱ्या शेतकरी बाजारांचा समूह आहे. ग्रोएनवायसी ही ना-नफा संस्था त्याचे संचालन करते.

इतिहास

नगररचनाकार बॅरी बेनेपी आणि बॉब लुईस यांनी इ.स. १९७६ मध्ये मॅनहॅटन भागात पहिला बाजार भरविला. त्याच वर्षी युनियन स्क्वेअर येथील बाजार सुरू झाला. परिसरातील लहान शेतकऱ्यांना थेट ग्राहक आणि शहरवासीयांना ताजा शेतमाल मिळावा, हा त्यामागील उद्देश होता. इतरांकडून घेतलेला माल येथे व्यापाऱ्यांना विकता येत नाही. उत्पादक स्वतःचाच माल विकतात.

अल्प उत्पन्न ग्राहक

सरकारी अन्नसाहाय्य पूर्वी कागदी कुपनांच्या रूपात मिळत असे. १९९० च्या दशकापासून त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक कार्डांनी घेतली. उघड्यावरील बाजारांत वीज व दूरध्वनी जोडणी नसल्याने शेतकऱ्यांना ही कार्डे स्वीकारणे कठीण झाले आणि गरजू ग्राहक दुरावण्याचा धोका निर्माण झाला. त्यावर सामाईक यंत्राचा उपाय योजण्यात आला. ग्राहक संस्थेच्या मांडवात कार्ड वापरून टोकन घेतो व ते विक्रेत्याला देतो. विक्रेत्याला त्याची रक्कम नंतर संस्थेकडून मिळते.

उरलेला शेतमाल

नाशवंत माल परत नेणे शेतकऱ्याला परवडतेच असे नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेली सिटी हार्वेस्ट ही संस्था असा माल दान म्हणून स्वीकारून अन्नछत्रांना व मोफत अन्नवाटप केंद्रांना पोहोचविते. त्यामुळे खरेदीची ऐपत नसलेल्यांपर्यंतही या बाजारातील भाजीपाला पोहोचतो.