सेवेआधी स्नेह : क्लबांचे काम गावापर्यंत कसे पोहोचते?

परभणी, प्रतिनिधी :

जुलै उजाडला की मराठवाड्यात दोन गोष्टी एकाच सुमारास सुरू होतात. शेतात कोळपणी आणि शहरांत सेवाभावी क्लबांचे पदग्रहण सोहळे. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. नवा अध्यक्ष, नवा सचिव, गळ्यात पदाचा पट्टा, भाषणे, स्नेहभोजन आणि त्याच आठवड्यात एखाद्या शाळेच्या आवारात वृक्षारोपण. परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या गावातील वाचकाला यातले वृक्षारोपण तेवढे प्रत्यक्ष दिसते; बाकीचे छायाचित्रातून कळते. ‘ही मंडळी जेवणावळी घालतात की सेवा करतात?’ असा प्रश्न त्याला पडला, तर तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

त्याचे उत्तर या संघटनांच्या जन्मकथेत सापडते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस हा वकील तिघांसोबत बसला. एक खाणकाम अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी. हॅरिस लहान गावात वाढलेला. महानगरात एकाकी पडलेल्या माणसांना गावाकडच्यासारखी ओळखदेख लाभावी, एवढाच हेतू होता. समाजसेवेचे नावही नव्हते. बैठक आलटूनपालटून प्रत्येकाच्या कचेरीत भरे, म्हणून संघटनेचे नाव ‘रोटरी’ पडले. सेवेचे पहिले काम दोन वर्षांनी, १९०७ मध्ये हाती घेतले गेले आणि ते होते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठीच्या पाठपुराव्याचे! हागणदारीमुक्तीच्या मोहिमा पाहिलेल्या आपल्या भागाला त्यात परके वाटण्याजोगे काही नाही.

त्याच शहरात १९१७ मध्ये विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्सची स्थापना झाली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि नेत्रसेवा ही त्या संघटनेची ओळख बनली. भारतातील पहिला रोटरी क्लब १९१९ मध्ये कोलकात्यात, तर पहिला लायन्स क्लब १९५६ मध्ये मुंबईत स्थापन झाला. १९७२ मध्ये नाना चुडासामा यांनी मुंबईतच ‘जायंट्स’ची स्थापना केली, ही मात्र आपल्याकडेच जन्मलेली संघटना.

या क्लबांतील स्नेहाला व्यावहारिक बाजूही आहे. रोटरीची मूळ कल्पना अशी की, एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी क्लबात असावा. पुढे हा नियम सैल झाला, पण निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे एकत्र आणण्याचा हेतू कायम राहिला. नेत्रतज्ज्ञ, औषध विक्रेता, वाहतूकदार आणि शाळेचा मुख्याध्यापक दर आठवड्याला एकाच टेबलाशी बसत असतील, तर तपासणी शिबिरासाठी अर्ज-विनंत्यांची गरज उरत नाही. पूर्वी रोटरीत साप्ताहिक उपस्थितीचा आग्रह कडक असे. २०१६ पासून महिन्यातून किमान दोन बैठकाही चालतात. महिलांना सदस्यत्व मिळण्यास मात्र १९८९ साल उजाडावे लागले, हे या बंधुभावाच्या इतिहासातील उणे मान्यच करावे लागेल.

पैशाबाबतही गैरसमज आहेत. लायन्सच्या नियमानुसार जनतेकडून जमवलेला निधी जनतेच्याच कामी लावावा लागतो. क्लबचा कारभार सदस्यांच्या वर्गणीतून चालवायचा असतो. दोन्ही हिशेब वेगळे. देणगी देणाऱ्याने हा हिशेब विचारण्यात संकोच बाळगू नये.

या साऱ्या यंत्रणेचे सर्वांत मोठे यश म्हणजे पोलिओ निर्मूलन. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरोधी मोहीम जगभर हाती घेतली. भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला. देशातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. निधी आणि प्रचार क्लबांचा मोठा. पण लसीचा डबा घेऊन वाडी-तांड्यांवर पोहोचल्या त्या अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि पुढे आशा कार्यकर्त्या.

झरीसारख्या गावासाठी कळीचा मुद्दा इथेच आहे. मोतीबिंदूची तपासणी गावात होते, शस्त्रक्रिया शहरातील रुग्णालयात. आजीबाईंना गाडीत बसवून नेणे सोपे. त्यानंतरचे काही आठवडे डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब कोण घालणार, फेरतपासणीची तारीख कोण लक्षात ठेवणार, मुलगा ऊसतोडीला गेला असेल तर सोबत कोण जाणार? ही कामे फलकावर येत नाहीत. दृष्टी टिकते ती मात्र यांच्यामुळे. इथे शहरातील क्लब कितीही दानशूर असला तरी तोकडा पडतो. त्यातच त्याचा अध्यक्ष दर वर्षी बदलतो.

गावाकडे मात्र स्नेहाची स्वतःची व्यवस्था होती, काही अंशी आजही आहे. एकाच बैलाचा धनी दुसऱ्या तशाच शेतकऱ्याशी सावड करतो. इर्जिकीला शेजारी आपापली अवजारे घेऊन येतात, एका दिवसात रान उरकतात आणि मोबदला म्हणून पोटभर जेवतात. सप्ताहाच्या पंगतीत वाढप्यांना कोणी निमंत्रणपत्र देत नाही. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात हातात झाडू घेऊन गावे उतरली, ती याच सवयीच्या बळावर. काम आणि जेवण यांची सांगड शिकागोत पहिल्यांदा बसली, असे मानण्याचे कारण नाही.

या दोन व्यवस्थांना जोडणारा दुवा रोटरीच्या रचनेतच आहे, पण त्याची चर्चा कमी होते. १९८० च्या दशकात ‘रोटरी कम्युनिटी कोअर’ ही कल्पना पुढे आली. सुरुवातीला तिचे नाव ‘व्हिलेज कोअर’, म्हणजे ग्रामदल असेच होते. क्लबचे सदस्य नसलेले किमान दहा ग्रामस्थ एकत्र येऊन दल स्थापन करतात. गावाची गरज ते ठरवतात, काम ते करतात. जवळचा क्लब तांत्रिक साहाय्य, ओळखी आणि निधी मिळवून देतो. क्लबचा अध्यक्ष ३० जूनला बदलला तरी गावातील दहा जण गावातच असतात.

जुलैत लावलेल्या रोपाला खरी गरज लागते ती एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा जुने पदाधिकारी निरोपाच्या तयारीत असतात आणि नवे अद्याप खुर्चीवर बसलेले नसतात. उन्हाळ्यात पाणी कुठून येणार आणि ते कोण घालणार, या दोन प्रश्नांची उत्तरे वृक्षारोपणाच्या दिवशीच, फोटो निघण्यापूर्वी, ग्रामस्थांनी पाहुण्यांकडून आणि पाहुण्यांनी ग्रामस्थांकडून मागून घ्यायला हवीत.