मृगातलं वादळ आणि मराठवाड्याची तहान

२०१९च्या जूनमध्ये जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. १५१ तालुक्यांत आदल्या ऑक्टोबरातच दुष्काळ जाहीर झालेला, सहा हजारांहून जास्त टँकर रस्त्यावर, जनावरं छावण्यांत. मृगाच्या सुरुवातीलाच अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली आणि माणसं आभाळाकडे बघू लागली. आलं ते ‘वायू’ चक्रीवादळ. ८ जूनला केरळात पोचलेल्या मॉन्सूनला कोकण गाठायला २० तारीख लागली, मुंबईला पंचवीस.

मेअखेर अरबी समुद्राच्या आग्नेय भागातलं पाणी ३० अंशांच्या आसपास तापतं. वादळ उभं राहायला साडेसव्वीस अंश पुरतात. मग जुलै-ऑगस्टात तिथे वादळं का होत नाहीत? कारण तोवर मॉन्सूनचा जम बसलेला असतो. खाली पश्चिमेकडून जोराचे वारे, वर बारा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून त्याहून जोराचे. या ओढाताणीत वादळाचा खांब सरळ उभा राहत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ही ओढाताण पुरती सुरू झालेली नसते, तेवढ्यात वादळ आपलं साधून घेतं.

पुढचं सगळं त्याच्या वाटेवर. आपल्याकडे वादळाभोवतीचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, म्हणजे पूर्वेच्या अंगाला ते दक्षिणेकडून बाष्प आणतात. वादळ किनाऱ्याला धरून वर सरकलं तर हे बाष्प कोकणावर येतं आणि मॉन्सूनही सोबत ओढला जातो. खोल समुद्रात गेलं, तर आसपासचं बाष्प ते स्वतःकडेच खेचतं आणि घाटमाथ्यापलीकडे नुसते कोरडे ढग सरकत राहतात. २००७चं ‘गोनू’ थेट ओमानला गेलं. ‘वायू’ सौराष्ट्राच्या तोंडाशी येऊन समुद्रातच वळलं. २०२३मध्ये ‘बिपरजॉय’ ६ ते १५ जून समुद्रात रेंगाळून कच्छच्या जखाऊजवळ धडकलं. त्या वर्षीही मॉन्सून केरळात ८ जूनला आणि मुंबईत २५ जूनलाच! तारखांचा मेळ योगायोगाचा असेल; उशिराला मात्र दोन्ही वेळी वादळाने हातभार लावला.

२०२०चं ‘निसर्ग’ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि नाशिकपर्यंत पाऊस देऊन गेलं. पण त्याची किंमत दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागांनी मोजली. असा पाऊस मागून घ्यावा असं मला तरी वाटत नाही.

शिवाय मराठवाडा सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत. त्याला हात देतात ती मुख्यतः जुलै ते सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणारी कमी दाबाची क्षेत्रं. २०१९मध्ये जायकवाडी भरलं तेही ऑगस्टात, नाशिककडून आलेल्या गोदावरीच्या पुराने. जूनमध्ये अरबी समुद्राकडे लावलेले डोळे निम्म्या वेळी चुकीच्या दिशेला असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा यंदा मृगात वादळाची बातमी आली, तर आधी हवामान खात्याचा मार्गाचा नकाशा बघा. आणि शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल उतरेपर्यंत चाड्यावर मूठ ठेवू नका. दुबार पेरणीचं बियाणं कुणी उधार देत नाही.