मातीच्या पन्नास पेट्या : ‘ड्रॅक्युला’ आणि आपल्या पट्ट्यातला वाचक

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी मे १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. तिच्याबद्दल वाचकांचे मत विचारले की एक तक्रार हमखास ऐकू येते : पहिली चार प्रकरणे जबरदस्त, पुढे कादंबरी रेंगाळते. तक्रार निराधार नाही. एकूण प्रकरणे २७. पहिल्या चारांत तरुण वकील जोनाथन हार्कर ट्रान्सिल्वानियातल्या गढीत अडकतो आणि काउंट सतत समोर असतो. त्यानंतर काउंट क्वचितच दिसतो. उरतात त्या रोजनिशा, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे.

मला मात्र वाटते की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकाला हा ‘कंटाळवाणा’ भाग इतरांपेक्षा लवकर उमगावा. कारण तो भाग मालवाहतुकीचा आहे. काउंटला झोपायला स्वतःच्या भूमीतली माती लागते. म्हणून ५० पेट्या माती व्हार्ना बंदरातून ‘डिमीटर’ जहाजाने व्हिटबीला येते आणि तिथून रेल्वेने लंडनला जाते. पुढे त्या पेट्या पांगतात : कारफॅक्सच्या वाड्यात २९ राहतात, माइल एंडला ६, बर्मंडसीला ६ आणि पिकॅडिलीला ९ जातात. हार्कर आणि मंडळी मालाची कागदपत्रे तपासतात, हमालांना आणि गाडीवानांना बक्षिशी देऊन बोलते करतात, पेटीन् पेटीचा हिशेब लावतात. ज्याने निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात एलआर कॉपीसाठी हेलपाटे घातले असतील किंवा चाकणच्या एखाद्या गोदामात डिस्पॅच रजिस्टर सांभाळले असेल, त्याला यातली चुरस वेगळी सांगावी लागणार नाही. ४९ पेट्या निकामी होतात, एक निसटते, आणि कादंबरीचा शेवटचा पाठलाग त्या एका पेटीसाठी होतो. ज्याचे आरशात प्रतिबिंब पडत नाही, त्याची नोंद मालवाहतूकदाराच्या वहीत सापडते.

दुसरी तक्रार सिनेमा पाहून आलेल्यांची. त्यांना वाटते, ऊन लागताच काउंटची राख व्हायला हवी. पण स्टोकरचा काउंट भर दिवसा लंडनमध्ये फिरतो. दिवसा त्याची शक्ती तेवढी कमी होते. उन्हाने मरण्याची कल्पना ‘नोस्फेराटू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटाने रूढ केली. कादंबरीत त्याच्या छातीत लाकडी खुंटीही कोणी ठोकत नाही. ६ नोव्हेंबरला, सूर्यास्ताच्या क्षणी, हार्करची कुकरी त्याचा गळा चिरते आणि क्विन्सीचा सुरा काळजात शिरतो. ही कुकरी म्हणजे गुरख्यांचे हत्यार. साम्राज्याच्या राजधानीवर चालून आलेल्या परक्याला मारायला हत्यार साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाचे वापरले जाते.

तिसरा आक्षेप औषधांच्या गावाला शोभणारा आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पिंपरीचे नाव पेनिसिलीनशी जोडले गेले. तिथला वाचक विचारणारच : ल्यूसीला चार पुरुषांचे रक्त गट न तपासता कसे दिले? उत्तर सोपे आहे. रक्तगटांचा शोध लँडस्टायनर यांनी लावला तो कादंबरीनंतर, १९००-०१ च्या सुमारास.

चौथे मत सर्वांत महत्त्वाचे : ‘हे भूत आपले वाटत नाही.’ रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेताना वेताळाला थेट ‘व्हॅम्पायर’ म्हटले. पण आमचा वेताळ रक्तासाठी दारोदार हिंडत नाही. तो कोडी घालतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत तर वेतोबा हा गावाचा राखणदार आहे. तो रात्री गस्त घालतो अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला भलेमोठे चामडी जोडे वाहतात. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी : आपल्या बहुतेक भुतांना ठरलेले ठिकाण असते. ड्रॅक्युला वेगळा आहे. तो ठिकाण सोडतो आणि ठिकाणाची माती पेट्यांत भरून सोबत नेतो.

इथे कादंबरी आपल्या पट्ट्याच्या अगदी जवळ येते. दुसऱ्या प्रकरणात काउंटची एक इच्छा कळते : लंडनच्या गर्दीत मिसळावे, आणि आपल्या उच्चारावरून कोणी आपल्याला परका म्हणून ओळखू नये. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या माणसाला ही इच्छा नवी नाही. ‘कुठला रे तू?’ हा प्रश्न त्याने शॉपच्या दारात ऐकलेला असतो. समीक्षक स्टीफन अराटा यांनी १९९० मध्ये या कादंबरीत उलट्या वसाहतवादाची भीती वाचली : आपण जगावर जे केले, ते कोणी आपल्यावर केले तर? काउंट खुनी आहे, त्याची बाजू घेण्याचे कारण नाही. पण त्याच्याविषयीची भीती ज्या वाटेने वाचकाच्या मनात शिरते, ती वाट ओळखीची आहे. परके उच्चार, परकी माती, अंधारातली घरखरेदी. ‘बाहेरचे आले आणि गाव बिघडले’ हे वाक्य आपल्याकडेही याच वाटेने येते.

मराठीत या भीतीला दुसरे वळण मिळाले. स्टीफन किंग शाळेत ‘ड्रॅक्युला’ शिकवत असताना त्यांना प्रश्न पडला : हा काउंट आजच्या अमेरिकेत आला तर? त्यातून १९७५ साली ‘सेलम्स लॉट’ आली आणि तिच्यावरून नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ‘लुचाई’ लिहिली. त्यामुळे आपल्या अनेक वाचकांची रक्तपिपासूशी पहिली ओळख धारपांनी करून दिली, स्टोकर नंतर आला. किंगच्या कादंबरीत बाहेरून येणारा रक्तपिपासू एकच असतो. पुढे शेजारी शेजाऱ्याला गिळत जातो, आणि गाव आतून पोखरलेले होते हे कळते. दोष वेशीबाहेर ढकलून सुटका होत नाही.

‘ड्रॅक्युला’च्या अखेरीस हार्कर लिहितो की एवढ्या कागदांत अस्सल दस्तऐवज जवळजवळ एकही नाही, बहुतेक टंकलिखित प्रतीच आहेत. त्यात भर घालावीशी वाटते. या ढिगात अनेकांच्या रोजनिशा आहेत, काउंटची मात्र नाही. त्याच्याविषयी सगळे लिहितात. त्याचा स्वतःचा जबाब कुठेच नाही. कंत्राटदाराच्या हजेरीपटात नुसते नाव आणि शिफ्ट म्हणून उरणारी हजारो माणसे ज्या पट्ट्यात राहतात, तिथल्या वाचकाने ही गाळलेली जागा ओलांडून पुढे जाऊ नये.