एमसीएसाठी कॉलेजांची यादी कशी बनवायची? जळगाव-धुळ्याच्या मुलांसाठी मोबाईलवरची सोपी पद्धत

बीसीए किंवा बी.एस्सी. झालं, सीईटी पण दिली. आता खरा प्रश्न येतो: ऑप्शन फॉर्ममध्ये कोणती कॉलेजं टाकायची आणि कोणत्या क्रमाने? मी धुळ्याचा आहे. दरवर्षी ओळखीतली पोरं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहितोय.

आधी सिस्टीम समजून घ्या

एमसीए आता २ वर्षांचं आहे. राज्यातले प्रवेश सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांमधून होतात. गुणवत्ता यादीत तुमचा नंबर आला की सिस्टीम तुमची यादी वरून खाली वाचते आणि जिथे जागा शिल्लक दिसेल ते कॉलेज देते. म्हणजे अवघड कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं म्हणून खालचं कॉलेज हातातून जात नाही. पण एक लक्षात ठेवा, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. त्यामुळे जिथे खरंच जायचंय तेच वर टाका. मित्राने टाकलं म्हणून टाकू नका.

गुगल शीटमध्ये ४ रकाने करा

१. कटऑफ: सीईटी सेलच्या साईटवर मागच्या वर्षांच्या पीडीएफ मिळतात. आपल्या प्रवर्गाचाच आकडा बघा. एकाच नाही, दोन वर्षांचा बघा.

२. फी: खाजगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर दिसते. फोनवर सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

३. राहण्याचा खर्च: पुण्यात रूम, मेस, येणं-जाणं, सगळं धरा. कॉलेजची फी कमी आणि राहण्याचा खर्च डबल, असं सहज होतं.

४. प्लेसमेंट: सर्वात मोठं पॅकेज विचारू नका. किती जणांपैकी किती जणांना नोकरी लागली ते विचारा. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकून मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत तेही बघा.

एनआयआरएफ रँकिंगमध्ये एमसीएची वेगळी यादी नसते, त्यामुळे जाहिरातीतला नंबर कोणत्या गटातला आहे ते तपासा.

जवळचं सोडू नका

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून जळगावात आहे आणि तिथे संगणकशास्त्र प्रशाळा आहे. घरून जाऊन-येऊन शिकता येत असेल तर वाचलेल्या पैशांतून चांगला लॅपटॉप येतो. म्हणून यादीचे तीन भाग करा: वर अवघड पण आवडती, मध्ये आपल्या पर्सेंटाईलला जुळणारी, खाली नक्की मिळतील अशी. खालच्या भागात एकही नाव नसेल तर वर्ष वाया जाऊ शकतं.

मुलींनी हे नक्की वाचा

२०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. महत्त्वाची अट, प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर हा फायदा मिळत नाही. "आत्ताच सीट बुक करा" असा फोन आला की घरच्यांना आधी हे दाखवा.

शेवटचं काम: उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता यांचे स्कॅन एका फोल्डरमध्ये ठेवा. दाखला नसेल तर आजच आपले सरकारवर अर्ज करा. फॉर्मची तारीख दाखल्यासाठी थांबत नाही.